‘शक्यता नाकारता येत नाही’ : जन्मठेपेच्या कैद्याची चौकशी गावात येते तेव्हा नेमकं काय होतं?

दुपारची वेळ. पारावर चार-पाच जण बसलेले. एक स्कूटी येऊन थांबते. खांद्याला पिशवी अन् हातात फाईल घेतलेल्या मॅडम एका घराचा पत्ता विचारतात. नाव ऐकून पारावरची माणसं एकमेकांकडे बघतात. त्या घरातला माणूस सोळा वर्षांपासून जेलात आहे. मॅडम गल्लीत वळायच्या आत गावभर बोलणं सुरू होतं, “त्याला सोडणार म्हणे!” संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर सुटकेची तारीखसुद्धा फिरायला लागते.

खरं तर सोडणार की नाही, हे त्या मॅडमना स्वतःलाही माहीत नसतं. ते ठरवायचा अधिकार त्यांना नाही. त्या आलेल्या असतात फक्त चौकशीला. ही चौकशी कैद्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी, म्हणजे उरलेली शिक्षा माफ करायची की नाही हे ठरवण्यासाठी असते. निर्णय मंत्रालयात होतो. पण तिथल्या टेबलावरच्या फाईलमध्ये गावाबद्दल जी दोन-चार पानं असतात, ती याच दुपारी लिहिली जातात. म्हणून ही माणसं कोण, ती काय विचारतात आणि त्यांच्या अहवालाचं पुढे काय होतं, हे गावाला माहीत असलेलं बरं.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं? हा गैरसमज

“जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, पूर्ण झाली की माणूस घरी,” असं गावोगाव बोललं जातं. कायदा तसं म्हणत नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं होतं. सरकारने उरलेली शिक्षा माफ केली, तरच माणूस बाहेर येतो.

मग १४ हा आकडा आला कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीसुद्धा होऊ शकते, उदाहरणार्थ खून, अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल तर प्रत्यक्ष १४ वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकार त्याला या कायद्याखाली सोडू शकत नाही. चांगल्या वागणुकीबद्दल तुरुंगात मिळणारी सूट या १४ वर्षांत धरत नाहीत. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३-अ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यात हे कलम ४७५ झालं आहे. थोडक्यात, १४ वर्षं ही कमीत कमी मर्यादा आहे, सुटकेची तारीख नाही.

महाराष्ट्रात कुठल्या प्रकारच्या गुन्ह्यात किती वर्षांनी सुटकेचा विचार करायचा, याची सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. १९९२, २००८, २०१० अशा वेगवेगळ्या वर्षांत ती आली. रागाच्या भरात झालेला खून, ठरवून केलेला खून, टोळीने केलेला खून असे त्यात प्रकार पाडलेले आहेत आणि प्रत्येकाची वर्षं वेगळी आहेत. साधारण नियम असा, की शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण लागू होतं ते धरायचं. नंतरचं धोरण कैद्याच्या जास्त फायद्याचं असेल, तर त्याचा लाभ द्यायचा. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात हे सांगितलं आहे.

चौकशीला कोण कोण येतं?

कैद्याची फाईल तुरुंगात तयार होते. कारागृह अधीक्षक त्याची वागणूक, केलेलं काम, झालेल्या शिक्षा, घेतलेल्या रजा यांचा अहवाल बनवतात. त्याच वेळी कैद्याच्या मूळ जिल्ह्याला पत्रं जातात आणि तिथून गावाचा संबंध सुरू होतो.

एक पत्र जातं पोलीस अधीक्षकांना. ते खाली उतरत तुमच्या ठाण्याला येतं. ठाण्याचे अधिकारी किंवा बीट अंमलदार गावात येऊन पोलीस पाटील, सरपंच, शेजारी आणि दोन्ही घरच्यांचे जबाब घेतात.

दुसरी चौकशी असते जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांची. हे पद पुष्कळांना माहीत नसतं. ही माणसं महिला व बालविकास विभागाकडे असतात. १९५८ च्या परिविक्षा कायद्याने त्यांना आरोपीची घरची परिस्थिती आणि आजूबाजूचं वातावरण बघून अहवाल द्यायचं काम दिलेलं आहे. सुरुवातीला आलेल्या स्कूटीवरच्या मॅडम याच. त्यांच्या अंगावर वर्दी नसते, म्हणून गाव त्यांना कधी बचत गटाच्या मॅडम समजतं, तर कधी विम्याच्या.

जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मत मागवलं गेलं, तर ते काम बहुतेक वेळा प्रांत आणि तहसील कार्यालयाकडे येतं. याशिवाय ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्या कोर्टाच्या न्यायाधीशांचं मत घेतात.

म्हणजे एकाच कैद्यासाठी गावात दोन-तीन वेळा वेगवेगळी माणसं येऊ शकतात. “परवाच तर पोलीस येऊन गेले, आता पुन्हा काय?” असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पोलीस मुख्यतः शांतता-सुव्यवस्था बघतात. परिविक्षा अधिकारी बघतात की हा माणूस परत आला तर राहील कुठे, खाईल काय आणि नीट वागेल का.

गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच नसतो

चौकशी सुरू झाली की गावातली निम्मी माणसं जुनी केस उकरून काढतात. “त्याने मारलंच नव्हतं, खरा आरोपी दुसराच.” “त्याला फाशीच व्हायला पाहिजे होती.” चौकशी करणारा हे ऐकून घेतो, पण त्याच्या कामाला ते लागत नाही. गुन्हा कोर्टात शाबीत झालेला आहे. त्यावर पुन्हा निकाल द्यायला तो आलेला नाही.

त्याला पुढे बघायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात पाच प्रश्न सांगितले आहेत. ते साध्या भाषेत असे :

१. हा गुन्हा त्या दोन माणसांपुरता होता, की साऱ्या समाजाला हादरा देणारा होता?
२. तो पुन्हा असं काही करेल का?
३. गुन्हा करायची त्याची ताकद आणि वृत्ती आता उरली आहे का?
४. त्याला अजून आत ठेवून काही साध्य होणार आहे का?
५. त्याच्या कुटुंबाची सामाजिक आणि आर्थिक परिस्थिती कशी आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं कोर्टाच्या निकालपत्रात मिळतं. उरलेल्यांची उत्तरं तुरुंगात आणि गावात शोधावी लागतात.

एक उदाहरण

समजा, बांधावरून चुलत भावांत भांडण झालं. एकाने कुऱ्हाड घातली, दुसरा जागेवर गेला. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. दोन्ही घरं एकाच गल्लीत, मधे फक्त एक भिंत. सोळा वर्षांनी चौकशी आली.

मॅडम आधी कैद्याच्या घरी जातात. म्हातारी आई दारातच रडायला लागते. मॅडम तिला रडू देतात, मग एक एक विचारतात. “आजी, तो सुटला तर राहणार कुठं?” “इथंच की, माझ्यापाशी.” घर बघितलं जातं. पत्रा आहे का, पडकं आहे का, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, रेशनकार्डात कोण कोण आहे. बायको नांदते आहे की माहेरी गेली? मुलं काय करतात, त्यांना बाप परत यायला हवा आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलं आजीसमोर देत नाहीत. म्हणून मॅडम त्यांना बाजूला घेऊन विचारतात.

मग येतो रजेचा प्रश्न. कैद्याला संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मिळते. या रजेवर तो किती वेळा घरी आला? आल्यावर काय करायचा, शेतात गेला की दारू पिऊन फिरला? समोरच्या घरच्यांशी वाद झाला का? ठरलेल्या दिवशी स्वतःहून तुरुंगात हजर झाला, की पोलिसांना आणायला जावं लागलं? कोरोनाच्या काळात बऱ्याच कैद्यांना तातडीची पॅरोल मिळाली होती, तेव्हा कोण कसं वागलं हेही विचारलं जातं. दहा जणांच्या मतापेक्षा ही माहिती जास्त मोलाची असते, कारण तो माणूस बाहेर कसा वागतो याची ती खरी चाचणी असते.

त्यानंतर भिंतीपलीकडचं घर. तिथे मृताची बायको आहे, आता मुलगा मोठा झाला आहे. इथे बोलणं अवघड असतं. पुष्कळदा घरातली पुरुष मंडळीच बोलतात आणि ती बाई पदर डोक्यावर घेऊन आतल्या खोलीत बसून राहते. अनुभवी अधिकारी तिच्याशी वेगळं बोलल्याशिवाय उठत नाही. तिचं म्हणणं “सोडू नका” एवढंच असतं असं नाही. कधी ती म्हणते, “मला त्याचं काही नाही, पण पोराच्या डोक्यात राग आहे, तो काही करून बसेल.” कधी म्हणते, “सुटू दे, पण या गल्लीत नको.” हे वाक्य अहवालात आलं तर त्यातून मार्ग निघू शकतो. कैद्याची बहीण दुसऱ्या तालुक्यात असेल आणि त्याला ठेवून घ्यायला तयार असेल, तर तसं लिहिता येतं. सरकार सुटकेला वाजवी अटी घालू शकतं.

शेवटी पोलीस पाटील, सरपंच, किराणा दुकानदार, शाळेचे जुने गुरुजी. चारचौघांत सगळे एकच बोलतात, “आमची काही हरकत नाही मॅडम.” गाडीपर्यंत सोडायला आलेला एखादा हळूच वेगळं सांगतो. दोन्ही ऐकायचं आणि कुठलं खरं ते तपासायचं, हेच या कामातलं कसब.

एका वाक्याचं वजन

अशा अहवालांत एक वाक्य सरकारी कागदांना सरावलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल : “सदर बंदी यास मुक्त केल्यास गावात कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

या वाक्यात चूक काहीच नाही. शक्यता तर कशाचीच नाकारता येत नाही. म्हणून ते लिहिणं सगळ्यांत सोपं. उद्या काही घडलं तर लिहिणाऱ्यावर बोट येत नाही, आणि काही नाही घडलं तर कोणी विचारत नाही. एका ठाण्याकडे शेकडो कामं असतात, बंदोबस्त असतो, आणि हे पत्र टपालात येऊन पडलेलं असतं. गावात न जाता टेबलावर बसूनही हे वाक्य लिहिता येतं. आतल्या माणसाची मात्र त्या एका वाक्यावर पुढची कित्येक वर्षं जातात. त्याला बहुधा कळतही नाही की आपल्याविरुद्ध नेमकं काय लिहिलंय.

बिहारमधल्या एका कैद्याचं असंच झालं. तीन जणांच्या खुनात त्याला जन्मठेप झाली होती आणि २४ वर्षं तो आत होता. तुरुंग अधीक्षक आणि परिविक्षा अधिकारी यांचे अहवाल त्याच्या बाजूने होते. पोलीस आणि न्यायाधीश यांची मतं विरुद्ध होती, आणि त्यावरून अर्ज फेटाळला गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २५ ऑगस्ट २०२३ रोजी कोर्टाने सांगितलं की केवळ पोलिसांच्या किंवा न्यायाधीशांच्या अहवालावर विसंबून निर्णय घेता येणार नाही. न्यायाधीशांचं मत निकालाच्या वेळच्या कागदांवर उभं असतं. त्यानंतर इतक्या वर्षांत तो माणूस किती बदलला, हे त्यांना दिसत नाही. ज्यांनी त्याला तुरुंगात बघितलं, त्याच्या घरी जाऊन आले, त्यांचे अहवालही तोलले पाहिजेत. वय, तब्येत, घरच्यांशी संबंध आणि बाहेर आल्यावर जगायची सोय हे सगळं बघायला हवं. मंडळाला त्या कैद्याचा पुन्हा विचार करायला सांगण्यात आलं.

चांगला अहवाल कसा असतो? तो नेमकं सांगतो. “मृताचा मुलगा, वय २२, याने सांगितलं की आरोपी गावात राहिला तर त्याचा विरोध आहे. आरोपी गेल्या पाच वर्षांत चार वेळा रजेवर आला, या काळात ठाण्यात एकही तक्रार नोंद नाही. आरोपीची बहीण त्याला सांभाळण्यास तयार आहे, तिच्या घराला भेट दिली.” यात कोणाला किती धोका आहे, हे वाचणाऱ्याला समजतं. विरोध लपवलेला नाही आणि फुगवलेलाही नाही.

गोड अहवालही तितकाच घातक

उलट बाजूही आहे. कैद्याच्या घरची माणसं वजनदार असली की अहवाल अचानक गोड होतात.

आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात राज्यपालांनी एका दोषी माणसाची उरलेली शिक्षा माफ केली. ज्यांच्या घरातला माणूस गेला होता, ते सुप्रीम कोर्टात गेले. अहवाल तपासले तेव्हा दिसलं की एका चौकशी अहवालात त्या माणसाची जमेची बाजू म्हणून तो एका राजकीय पक्षाचा चांगला कार्यकर्ता असल्याचं लिहिलं होतं. ११ ऑक्टोबर २००६ रोजी कोर्टाने ती माफी रद्द केली. जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा बघून दिलेली माफी टिकणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे खोटा गोड अहवाल कैद्याच्याही कामाला आला नाही. बाहेर पडायचा आदेश हातात येऊन तो रद्द झाला.

म्हणून चौकशी अधिकाऱ्याच्या गाडीत बसून “साहेब, आपलाच माणूस आहे, चांगलं लिहा” म्हणणारा पुढारी खरं तर त्या कैद्याचं नुकसानच करत असतो.

अहवाल पुढे कुठे जातो?

गावातून निघालेले अहवाल एकत्र होऊन तुरुंग प्रशासनामार्फत राज्याच्या गृह विभागाकडे जातात. निर्णय राज्य सरकार घेतं. केंद्रीय यंत्रणेने, म्हणजे सीबीआयसारख्या संस्थेने तपास केलेला गुन्हा असेल, तर केंद्र सरकारचीही संमती लागते.

इथे एक गोष्ट ऊसतोडीला आणि कामाला परराज्यात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ज्या राज्यातल्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच राज्याच्या सरकारला माफीचा अधिकार आहे. गुन्हा कुठे घडला किंवा माणूस कुठला, यावर ते ठरत नाही. बिल्किस बानो प्रकरणात हेच झालं. गुन्हा गुजरातमधला, पण खटला मुंबईत चालला. गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ११ जणांना सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ते आदेश रद्द केले, कारण तो अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता. तसंच आपल्या गावातल्या माणसाला कर्नाटकात किंवा गुजरातेत शिक्षा झाली असेल, तर निर्णय तिथलं सरकार घेईल. घरची चौकशी मात्र आपल्याच गावात येईल.

अर्ज कोणी करायचा, हा आणखी एक प्रश्न. अनेक कैद्यांना लिहिता-वाचता येत नाही, वकील परवडत नाही. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याचं धोरण असेल, तर त्यात बसणाऱ्या प्रत्येक कैद्याचा विचार सरकारने स्वतःहून करायचा आहे. अर्ज आला नाही म्हणून थांबायचं नाही. निर्णयाची कारणं लिहायची आणि ती कैद्याला कळवायची. सुटकेच्या अटी वाजवी हव्यात. सुटल्यानंतर अट मोडली असं म्हणून माफी रद्द करायची असेल, तर त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं.

फाशीची शिक्षा असेल तर?

तो मार्ग वेगळा आहे. फाशी झालेला कैदी किंवा त्याचे नातेवाईक आधी राज्यपालांकडे आणि मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करू शकतात. राज्यघटनेच्या कलम १६१ आणि ७२ ने त्यांना हा अधिकार दिला आहे. नव्या कायद्याच्या कलम ४७२ प्रमाणे वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केल्याचं कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत राज्यपालांकडे अर्ज द्यायचा. तो फेटाळला गेला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राष्ट्रपती आणि राज्यपाल हे अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरतात. या अर्जांवर वर्षानुवर्षं निर्णय न घेता कैद्याला टांगत ठेवणं चुकीचं आहे, असं सांगून २१ जानेवारी २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती.

चौकशी आली तर गावाने काय करावं?

*कैद्याच्या घरच्यांनी :* रेशनकार्ड, आधार, सातबारा किंवा घराचा उतारा काढून ठेवा. तो कुठे राहणार आणि काय काम करणार, हे घरात आधी बोलून घ्या. नातेवाईक ठेवून घेणार असतील तर त्यांना चौकशीच्या वेळी हजर ठेवा. मुलांना किंवा सुनेला पढवून ठेवू नका, ते लगेच कळतं.

*मृताच्या घरच्यांनी :* भीती असेल तर स्पष्ट सांगा. कशाची भीती आहे, आधी काही धमकी आली होती का, कधी आली, हे सांगा. नुसतं “विरोध आहे” यापेक्षा त्याला जास्त वजन येतं. सगळ्यांसमोर बोलता येत नसेल तर वेगळं बोलायची मागणी करा. वाटल्यास ठाण्यात किंवा कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

*शेजारी, सरपंच, पोलीस पाटील यांनी :* जे स्वतः बघितलं तेवढंच सांगा. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं म्हणा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका. जबाब वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा.

*सगळ्यांनी :* या चौकशीला कसलीही फी नाही. “अहवाल चांगला लिहितो” म्हणून कोणी पैसे मागितले, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. वकील परवडत नसेल, तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या हेल्पलाइनवर मोफत कायदेशीर मदत मिळते. तुरुंगातल्या कैद्याला आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि व्हॉट्सॲपवर सुटकेच्या तारखा फिरवू नका. चौकशी झाली म्हणजे माणूस सुटला असं होत नाही. अशा मेसेजने भिंतीच्या एका बाजूला खोटी आशा लागते आणि दुसऱ्या बाजूला घरातल्यांची झोप उडते.

दिवस कलायला लागला की मॅडम फाईल पिशवीत टाकतात आणि स्कूटी चालू करतात. आज ना उद्या अहवाल लिहायला त्या बसतील, तेव्हा “शक्यता नाकारता येत नाही” हे तयार वाक्य समोर असेलच. ते न लिहिता खरं काही लिहायचं, तर त्यांच्याकडे तेवढंच असेल जेवढं या गावाने त्यांना आज सांगितलं.